सावळखडीच्या लांडग्याची दातखीळ

शहाऐंशीच्या दुष्काळात आमच्या सावळखडीला लांडगा लागला. माणसाला भूत लागतं तसा गावाला. तो कुणी पाहिलेला नव्हता, पण त्याची उंची, अंगावरचे केस, शेपटीचा झुपका सगळ्यांना तोंडपाठ होता. सगळ्यांत जास्त तोंडपाठ होता चेअरमन सर्जेरावांना.

सावळखडी म्हणजे चकलांब्याच्या पलीकडं, माळावर सांडल्यासारखं पडलेलं गाव. मी तिथं शाळेत मास्तर होतो. गावात धनगरांची बावीस घरं, आणि त्या बावीस घरांच्या उद्धारासाठी एक मेंढपाळ सहकारी संस्था निघाली होती. सभासद सगळे धनगर, चेअरमन मात्र सर्जेराव. त्यांच्या घराण्यात कुणी कधी मेंढरांमागं चालल्याचं ऐकिवात नव्हतं. मेंढरू त्यांच्या घरात यायचं ते थेट ताटात. पण संस्थेला अर्ज लागतो, अर्जाला साहेबाची ओळख लागते, आणि ओळख गावात एकट्या सर्जेरावांकडं होती. सेक्रेटरी म्हणून त्यांनी आपला भाचा बद्रीनाथ बसवला. संचालकांत भगवानराव होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. धनगरांपैकी एकदोघांचे अंगठे होते, तेही संचालकच म्हणायचे.

सरकारनं संस्थेला पन्नास मेंढ्या आणि चार थोराड मेंढे दिले. पाऊस पडेना तसा त्यांच्यासाठी चाराही येऊ लागला. चारा उतरायचा सर्जेरावांच्या गोठ्यात, कारण गावात तेवढी मोठी कोरडी जागा दुसरी नव्हती. तो तिथून मेंढरांपर्यंत क्वचितच पोचायचा. वाटेत सर्जेरावांच्या म्हशी होत्या.

मेंढरं सांभाळायला मनकर्णा होती. पन्नाशीची विधवा, काळीसावळी, उंच. तिचा सासरा म्हाळू या भागातला नावाजलेला हाडवैद. माणसाचा खांदा असो की बैलाचा खूर, निसटलेलं हाड तो जागेवर बसवायचा. मरण्याआधी त्यानं ती विद्या सुनेला दिली. मनकर्णाचा स्वतःचा कळप आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात संपला होता. उरल्या होत्या तीन मेंढ्या. त्या संस्थेच्या कळपात मिसळून ती माळावर हिंडायची, आणि हिरवं काहीच नसल्यामुळं आकडीनं बाभळीच्या शेंगा पाडून मेंढरं जगवायची. बदल्यात संस्थेकडून ज्वारी मिळायची.

आता लांडगा कसा आला ते सांगतो.

बद्रीनाथ सकाळीच मेंढरं कोंडायच्या वाडग्याशी यायचा आणि म्हणायचा, "मनकर्णाबाई, साहेब येणारंत. एक द्या." मनकर्णा एक द्यायची. दुपारी सर्जेरावांच्या मळ्यातून मसाल्याचा वास गावभर फिरायचा. त्या वासावरूनच आम्हाला कळायचं की आज सरकार गावात आलंय. असं चारपाच वेळा झालं. मग एकदा तालुक्याच्या साहेबांनी जेवणानंतर हात पुसता पुसता सहज विचारलं, "चेअरमन, मेंढ्या कमी दिसतात?"

सर्जेरावांनी डोंगराकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खोल आवाजात म्हणाले, "लांडगा."

साहेबांनी दात कोरले आणि वहीत लिहिलं : लांडगा.

त्या दिवसापासून लांडगा वाढीला लागला. तो मोठा शहाणा होता. साहेबांचा दौरा नसला की महिना महिना उपाशी राहायचा आणि जीप गावात शिरायच्या दिवशी नेमकी झडप घालायचा. कोकरू, आजारी मेंढी यांना तोंडच लावायचा नाही. त्याला लागायची धष्टपुष्ट. शिमग्याला त्यानं एक मेंढा नेला, अक्षयतृतीयेला दुसरा. ज्येष्ठापर्यंत अकरा मेंढ्या आणि दोन मेंढे त्यानं फस्त केले, आणि ढेकर मात्र भलत्यांनीच दिले.

आणि मग जिल्ह्याहून पत्र आलं. लांडगा एवढी जनावरं खातो तर राखण कोण करतं? जबाबदारी निश्चित करून कळवावे.

सर्जेराव जबाबदारी निश्चित करण्यात पटाईत होते. त्यांनी संध्याकाळच्या आत ती मनकर्णावर निश्चित केली.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ माळावर गेला. मनकर्णा शेंगा पाडत होती, आणि मेंढरं तिच्या पायांशी गोळा झाली होती.

"सोमवारी शाळेत संस्थेची सभा हाय," बद्रीनाथ जमिनीकडं बघत म्हणाला. "तुमचं काम काढून घ्यायचा ठराव हाय. आन् तुमच्या तीन मेंढ्या भरपाई म्हणून संस्थेत जमा."

मनकर्णानं आकडी खाली ठेवली. "कावून?"

"लांडग्यानं खाल्ली न्हवं मेंढरं. तुमी झोपल्या असताल."

"बद्रीनाथ, तूच येऊन कान धरून नेलीस की रे एकेक."

"मी नेली आसंल. पर कागदावर लांडगा हाय." बद्रीनाथचा आवाज रडवेला झाला. तो वाईट मुलगा नव्हता, फक्त भाचा होता. "मामानं सांगितलं ते मी लिवलं. आता ते खोडता येत न्हाई."

तो गेल्यावर मनकर्णा बाभळीखाली बसून राहिली. मला तिनं नंतर सांगितलं, "मास्तर, रडू आलं न्हाई. राग आला. माझ्या मेंढ्या नेत्याल त्याचा तर आलाच. पर त्या जनावरावर आळ घेत्यात, त्याचा जास्ती आला."

कारण मनकर्णाच्या घरात लांडग्याला लांडगा म्हणत नसत. पाव्हणा म्हणत. म्हाळू सांगायचा, देवानं पहिल्यांदा धनगराला मेंढरं दिली तेव्हा लांडगा रडत देवापुढं गेला. म्हणाला, सगळं यालाच दिलंस, मी काय खाऊ? देव म्हणाला, तू याच्या कळपातलं भुकेपुरतं एक ने, पण साठवू नको, आणि पोट भरल्यावर मागं वळून बघू नको. म्हणून लांडग्यानं एखादं कोकरू उचललं तर धनगर काठी घेऊन धावतो खरा, पण शिवी देत नाही. देवाचा वाटा गेला, म्हणतो.

आणि एखादा पाव्हणा हावरा निघाला, एका जागी ठाण मांडून बसला, तर त्यावर इलाज होता. काळ्या लोकरीची दोरी वळायची, तिला सात गाठी मारायच्या आणि वाडग्याच्या तोंडाशी बांधायची. खाणाऱ्याचा जबडा आवळला जातो. या दोरीचे दोन नियम म्हाळूनं सुनेला शिकवले होते. पहिला : दोरीला तोंड दिसतं, शेपूट दिसत नाही. ज्यानं खाल्लं त्याचाच जबडा बांधला जातो, मग तो चार पायांचा असो नाहीतर दोन. दुसरा : बांधलं त्यानंच सोडायचं, आणि वेळेत सोडायचं. कुणाला उपाशी मारायचा हक्क आपल्याला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात टँकर आला. हंडे, घागरी, डबे, सगळं गाव तिथं. भांडणं ऐन रंगात आली असताना मनकर्णा हौदाच्या कठड्यावर चढली. कमरेला काळी दोरी होती.

"ऐका रं समदे," ती म्हणाली. "सोमवारी सभेत मी लांडग्याचा जबडा बांधणार हाय. शाळेच्या दाराला दोरी लावणार. संस्थेचं मेंढरू ज्याच्या पोटात गेलंय त्यानं त्या दोरीम्होरं तोंड उघडलं, की संपलं. ज्यानं खाल्लं न्हाई त्यानं खुशाल बोलावं."

टँकरचं पाणी नुसतंच वाहत राहिलं. दुष्काळात पहिल्यांदा.

त्या दिवसापासून माळावर वर्दळ वाढली. पहिले आले भगवानराव. उन्हात छत्री धरून.

"मनकर्णा, तुला म्हाईत हाय, मी माळकरी माणूस."

"व्हय, दादा."

"मी खाल्लंच न्हाई. म्हंजे, माळ काढून खुंटीला लावली व्हती. माळ घातल्यावर मी कदी खाल्लं न्हाई. दोरीला तेवढं सांग."

"दोरीला माळ दिसत न्हाई दादा. तोंडच दिसतं."

भगवानराव छत्री मिटून उन्हातूनच परत गेले.

मग बद्रीनाथ आला. त्याचं म्हणणं, त्यानं नुसती नळी चोखली होती, आणि चोखणं म्हणजे खाणं नव्हे. त्यानंतर आली सर्जेरावांची बायको छबुबाई. तिनं येताना शेरभर डाळ आणली होती.

"मनकर्णे, मी बाईमाणूस. रांधलं म्या, खाल्लं गड्यांनी. मी मीठ बघाया नुसतं बोट लावलंतं जिभंला."

"किती डाव, वहिनी?"

छबुबाई खरं बोलणारी बाई होती. तिनं विचार केला. "मीठ लवकर कळत न्हाई बाई मला," ती म्हणाली.

मनकर्णानं डाळ घेतली नाही. सगळ्यांना तिनं एकच सांगितलं, "सभेत तोंड मिटून बसा. मिटल्या तोंडाला दोरी काय करत न्हाई."

चौथ्या दिवशी मीही गेलो. लपवून काय उपयोग? साहेब आले की मास्तरांना पंगतीला बोलावणं असायचंच. मी मनकर्णाला म्हटलं, मी शिकलेला माणूस, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ती म्हणाली, मग कशाला आलात? मी म्हटलं, सहज. रस्साच घेतला होता मी. ती हसली आणि म्हणाली, "मास्तर, तुमी शिकलेले, तवा वरपूनच घेतला आसंल."

एकटे सर्जेराव बधले नाहीत. चावडीपुढं बसून ते सांगायचे, "अडाणी बाई. आपुन एकविसाव्या शतकाकडं निघालो, आन् ही दोऱ्या वळती. सोमवारी मी तिच्या दोरीम्होरं उभा राहून तासभर बोलतो का न्हाई बघा." आणि ते बोलू शकले असते यात कुणाला शंका नव्हती. तासभर ते विनाकारणही बोलत.

सोमवारी अकरा वाजता शाळेत सभा भरली. दाराच्या चौकटीला काळी दोरी लटकत होती. आत शिरताना प्रत्येक जण तिच्याखालून वाकून गेला, बुटके होते तेसुद्धा. तालुक्याचे साहेब आले होते. त्यांना बद्रीनाथनं वाटेतच सगळं सांगितलं असावं. ते हसले होते म्हणे, पण खुर्चीवर बसल्याबरोबर त्यांनी तोंडात पान भरलं आणि कुणी नमस्कार केला तरी मानेनंच उत्तर दिलं.

मी अशा पुष्कळ सभा पाहिल्या होत्या. समोर बसलेले बोलायचे आणि मागं बसलेले ऐकायचे. त्या दिवशी समोरची रांग ओठ आवळून बसली होती. भगवानरावांनी तर उपरणं तोंडाला बांधलं होतं, धूळ फार आहे अशी खूण करून.

बद्रीनाथनं ठराव वाचायचा होता. तो उभा राहिला, कागद धरला, दोरीकडं बघितलं आणि पुन्हा खाली बसला.

सर्जेराव कडाडले, "दे बे इकडं!" त्यांनी कागद हिसकावला आणि दोरीसमोर जाऊन छाती काढून उभे राहिले. "बंधूंनो! हे बघा. उभा हाय मी. बोलतोय मी. काय झालं? काय झालं, मनकर्णाबाई? कुठं गेली तुमची गाठ?" आणि त्यांनी हसायला सुरुवात केली. त्यांचं हसणं तालुक्यात प्रसिद्ध होतं, मान मागं टाकून, सगळा घसा उघडा करून. "हा हा हा..."

चौथा 'हा' आला नाही. मी पुढंच बसलो होतो, मला कानाजवळ वाटाणा फुटल्यासारखा आवाज ऐकू आला. सर्जेरावांचं तोंड उघडंच राहिलं. आम्हाला वाटलं ते अजून हसतायत. मग त्यांचे डोळे मोठे झाले, हात गालांकडं गेले, आणि उघड्या तोंडातून नुसतं "आ... आ..." असं येऊ लागलं. मागची सोन्याची दाढसुद्धा सगळ्या सभासदांना दिसत होती.

"अगं बाई, बांधलं!" छबुबाई ओरडली, आणि आपण ओरडलो हे ध्यानात येताच तिनं पदराचा बोळा तोंडात घातला. साहेबांनी पान गिळलं.

मनकर्णा जागची हलली नाही. पुढं तिनंच मला सांगितलं की ती स्वतःच चक्रावली होती. सासऱ्याच्या दोरीनं असं कधी केलेलं नव्हतं. दोरीनं तोंड मिटायचं असतं आणि इथं तर आ वासलं होतं. मग तिनं नीट पाहिलं. हनुवटी पुढं आलेली, कानापुढं खळगा पडलेला. हाडवैदाच्या सुनेला कळलं, खालचा जबडा खोबणीतून निसटलाय. म्हाळूनं असे दोन जबडे तिच्यादेखत बसवले होते. दोरीचा यात काही हात नव्हता. आणि हे त्या खोलीत तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

ती उठली. शांतपणे म्हणाली, "चेअरमनला बोलता येत न्हाई, तवा ठराव मी सांगते. संस्थेची ऱ्हायलेली मेंढरं बावीस घरांत वाटून द्यायची. जो चारंल त्याची. गोठ्यातला चारा आजच्या आज मेंढरांना. आन् माझ्या तीन मेंढ्या माझ्याच. कुणाचा इरोध आसंल त्यानं उठून तोंड उघडावं."

समोरची रांग भिंतीवरच्या नकाशाकडं बघत होती. मीही बघत होतो. त्या नकाशात गोदावरी चांगली निळी होती.

मागून एक थरथरता आवाज आला, "मंजूर." ती दगडाबाई होती, ऐंशीची म्हातारी. तीन वर्षं सभासद होती, पण सभेत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. मग बावीसच्या बावीस घरं ओरडली, "मंजूर! मंजूर!" बद्रीनाथनं भराभर लिहून घेतलं, साहेबांनी न वाचता सही केली. एवढ्या झटपट त्यांनी फक्त लांडगा लिहिला होता.

"आता या हो, चेअरमन," मनकर्णा म्हणाली. तिनं आधी दाराची दोरी काढली आणि सर्वांसमोर सातही गाठी सोडल्या. नियम म्हणजे नियम. मग सर्जेरावांना खाली फरशीवर बसवलं, दोन्ही अंगठ्यांना पदर गुंडाळला, ते त्यांच्या मागच्या दाढांवर ठेवले आणि खाली दाबून मागं लोटलं. सर्जेरावांनी डोळे मिटले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि मला त्या क्षणी त्यांची कीव आली. कट्ट आवाज झाला. तोंड मिटलं.

सगळी सभा पुढं सरकली. आता हा माणूस काय बोलणार? शिव्या देणार की माफी मागणार?

सर्जेरावांनी गाल चाचपले, जबडा डावीउजवीकडं हलवून पाहिला, आणि सावकाश उभे राहिले.

"हाच ठराव," ते म्हणाले, "मी मांडणार व्हतो."

आणि समोरच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. गाठी सुटल्या होत्या ना.

चारा मात्र त्या दिवशी खरोखर वाटला गेला. मनकर्णानं स्वतः गोठ्याच्या दारात उभं राहून पेंढ्या मोजून दिल्या, आणि म्हशी हंबरत राहिल्या. मेंढरं वाटली गेली. सर्जेरावांनी गरिबांना मेंढरं वाटली म्हणून तालुक्याला त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. पुढच्या वर्षी त्यांनी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था काढली. तलावात पाणी नव्हतं, पण मंजुरी होती.

मनकर्णा सत्काराला थांबली नाही. वाट्याच्या दोन आणि स्वतःच्या तीन, अशा पाच मेंढ्या घेऊन ती आषाढात गोदावरीकडं निघाली. राक्षसभुवनच्या पलीकडं नदीकाठी थोडा हिरवा पाला होता. तिथं दुसऱ्या तालुक्यातलं एक धनगराचं बिऱ्हाड उतरलं होतं. त्यातल्या भामाबाईनं तिला सावलीला बोलावलं.

"कुठल्या तुमी?"

"सावळखडीच्या."

"अगं बाई! त्या लांडग्याच्या गावच्या?" भामाबाई सरसावून बसली. "आमी ऐकलं समदं. लई मोठा व्हता म्हनं, वासराएवढा. चौदा मेंढरं खाल्ली. मग तुमचा चेअरमन एकटा गेला, हातात काठी न्हाई का कुऱ्हाड न्हाई, उघड्या हातानं धरला आन् जबडाच फाडला म्हनं. शाल दिली की त्याला सरकारनं."

मनकर्णानं सगळं ऐकून घेतलं. भामाबाईची पोरं, सुना भोवती जमून ऐकत होती, आणि गोष्ट सांगणारीला मोठी रंगत आली होती.

"फाडला न्हाई बाई," मनकर्णा शेवटी म्हणाली. "निखळलाता. चेअरमनचाच. मीच बसवला ह्या हातांनी."

भामाबाईनं तिच्याकडं पाहिलं. पायांना भेगा, डोळे खोल गेलेले, मागं पाच हडकुळ्या मेंढ्या. मग ती हळहळून म्हणाली, "उन्हातनं आलाव लई लांबनं. बसा. भाकर खावा आधी."

मनकर्णा बसली आणि तिनं दोन भाकरी खाल्ल्या. भाकरी गरम होती, सोबत लसणाची चटणी होती, आणि तिला फार भूक लागली होती.